सांगितलं असतं तर? दंतोपचार, संमती आणि नुकसानभरपाई

डेंटिस्टने धोका सांगितला नाही आणि नेमकं तेच झालं, अशी तक्रार करणारी पत्रं आमच्याकडे येत असतात. सगळा भर 'सांगितलं नाही' यावर असतो. पण असे दावे बहुधा तिथे अडत नाहीत. ते अडतात पुढच्या पायरीवर: सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, आणि त्याने काय फरक पडला असता? खालची उत्तरं दंतवैद्यक आणि कायदा अशा दोन्ही अंगांनी दिली आहेत. निकाल वेगवेगळ्या देशांतले आहेत, त्यामुळे आपल्याला कोणता नियम लागू होतो हे ज्याने त्याने आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावं.

प्रश्न : खालची अक्कलदाढ काढल्यापासून माझा उजवीकडचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. आठ महिने झाले. नसेला इजा होऊ शकते हे कोणी सांगितलं नव्हतं आणि संमतीपत्रावर सही खुर्चीत बसल्यावर घेतली. दाव्यासाठी एवढं पुरे आहे का?

नाही. एवढ्याने फार तर डॉक्टरांची चूक सिद्ध होईल, पण भरपाई मिळणार नाही. त्यासाठी तुम्हाला एक साखळी जोडून दाखवावी लागेल. जो धोका सांगितला नाही तोच प्रत्यक्षात आला. तो माहीत असता तर तुम्ही त्या दिवशी, त्या पद्धतीने दाढ काढायला तयार झाला नसता. आणि तुम्ही दुसरा मार्ग धरला असता तर आजची इजा झाली नसती. दिवाणी दाव्यात यातली प्रत्येक गोष्ट 'झाली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' एवढ्या कसोटीवर उतरली की चालतं. फौजदारी खटल्यासारखी खात्री लागत नाही.

आधी बघायचं ते इजा कशाने झाली हे. खालच्या जबड्याच्या हाडातल्या एका कालव्यातून ओठ-हनुवटीची नस जाते आणि अक्कलदाढेची मुळं कधी कधी तिला अगदी खेटून असतात. शस्त्रक्रियेआधीचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) मिळवा. कालवा जिथे मुळावरून जातो तिथे मूळ काळपट दिसतंय का, कालव्याची पांढरी रेघ तुटलीय का, कालवा अचानक वळलाय किंवा अरुंद झालाय का, हे तज्ज्ञ त्यात पाहतो. कायमच्या इजेचं सरसकट प्रमाण एक टक्क्याहून कमी मानलं जातं. पण या खुणा असतील तर तुमच्यापुरता धोका त्याहून बराच जास्त होता आणि तो फिल्मवर आधीच दिसत होता. मात्र बधिरपणा भुलीच्या सुईने आला असेल तर साखळी इथेच अडखळते, कारण दाढ कुठल्याही पद्धतीने काढली असती तरी तीच सुई टोचावी लागली असती. सुईची इजा जास्त करून जिभेच्या नसेला होते आणि टोचताना विजेच्या झटक्यासारखी कळ आल्याचं बरेच रुग्ण सांगतात. तुमच्या बाबतीत तसं काही झालं होतं का, ते आठवून लिहून ठेवा.

मग प्रश्न येतो दाढ काढली कशासाठी. दाव्याचा कल बहुतेक वेळा इथेच ठरतो. दाढ कसलाही त्रास देत नव्हती आणि 'पुढे त्रास नको' म्हणून काढली असेल, तर 'मी नको म्हटलं असतं' हे सहज पटतं. आजार नसलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असं ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेचं मार्गदर्शन २००० सालापासून आहे. पण हिरडी वारंवार सुजत होती, तोंड उघडत नव्हतं, दोनदा अँटिबायोटिक्स झाली होती अशी नोंद केसपेपरवर असेल, तर समोरचा वकील एवढंच म्हणेल, 'धोका कळला असता तरी यांनी दाढ काढलीच असती.' आणि त्याचं म्हणणं बहुधा पटेल.

तिथे तुमच्या मदतीला येतो मधला पर्याय. कोरोनेक्टॉमीत दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढतात आणि नसेला खेटलेली मुळं हाडाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवून देतात. नसेला इजा होण्याचा धोका त्याने बराच कमी होतो. पण ती प्रत्येकाला लागू पडत नाही. दाढ हलत असेल किंवा मुळांपाशी जंतुसंसर्ग असेल तर करता येत नाही, कापताना मुळं सैल झाली तर ती काढावीच लागतात, आणि ठेवलेली मुळं पुढे वर सरकून क्वचित दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. तुमच्या तज्ज्ञाने 'कोरोनेक्टॉमी हा पर्याय होता' एवढंच लिहून भागणार नाही. ती या दाढेवर, त्या तारखेला, त्या फिल्मवरून करता आली असती का आणि नस वाचण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती का, हे त्याने लिहायला हवं.

खुर्चीतली सही डॉक्टरांच्या विरोधात जाते ती वेगळ्या कारणाने. विचार करायला वेळच दिला नाही, हे तिच्यावरून दिसतं.

प्रश्न : मी कोर्टात शपथेवर सांगेन की धोका माहीत असता तर नकार दिला असता. माझा निर्णय माझ्याशिवाय कोण सांगणार?

न्यायालयांना नेमकी हीच अडचण वाटते. इजा झाल्यानंतर प्रत्येकालाच आपण नकार दिला असता असं वाटतं, आणि तेही प्रामाणिकपणे. ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने २००१ साली 'रोझेनबर्ग विरुद्ध पर्सिव्हल' हा निकाल दिला. दातांच्या दाव्यांसाठी तो मुळातून वाचावा असा आहे. दात नीट जुळावेत म्हणून जबड्याची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर जबड्याच्या सांध्याचा गंभीर त्रास सुरू झाला. रुग्ण स्वतः अनुभवी परिचारिका होती. सांध्याचा धोका कळला असता तर शस्त्रक्रिया करून घेतली नसती, असं तिचं म्हणणं. पण तिला सर्वांत चांगला निकाल हवा होता आणि त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया तिने समजून-उमजून स्वीकारली होती. तिच्या 'नसती केली' या शब्दावर खालच्या न्यायाधीशांनी विश्वास ठेवला नाही आणि उच्चतम न्यायालयानेही तो निष्कर्ष उलटवला नाही. दावा गेला.

न्यू साउथ वेल्सचा २००२ चा कायदा आणखी पुढे गेला. 'मी काय केलं असतं' हे रुग्णाचं इजेनंतरचं, स्वतःच्या फायद्याचं विधान तिथे पुरावा म्हणून चालतच नाही. कॅनडात निराळी वाट आहे. 'रायबल विरुद्ध ह्यूज' या १९८० च्या निकालापासून, त्या रुग्णाच्या परिस्थितीतल्या समंजस माणसाने काय केलं असतं, असं तिथे विचारतात. त्या खटल्यातल्या माणसाला मानेतल्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत पक्षाघात झाला होता. पूर्ण पेन्शनला सुमारे दीड वर्ष उरलं होतं आणि शस्त्रक्रियेची घाई नव्हती. अशा स्थितीतला समंजस माणूस थांबला असता, असं न्यायालयाने मानलं.

पेन्शनची ती बाब नीट लक्षात घ्या. पुरावा असा हवा: इजेच्या आधीपासून असलेला, तुमच्या शब्दावर न विसंबणारा. तुम्ही सनई किंवा बासरी वाजवता, गाता, चव घेण्यावर तुमची नोकरी आहे. म्हणजे ओठ-जिभेची संवेदना तुम्हाला इतरांहून जास्त मोलाची. पूर्वी एखादा उपचार धोका ऐकून नाकारलाय आणि त्याची नोंद आहे. उपचाराआधी मित्राला किंवा बहिणीला पाठवलेला 'काही कायमचं तर होणार नाही ना?' हा मेसेज. दुसऱ्या डॉक्टरची घेतलेली वेळ. लग्न, परीक्षा, कार्यक्रम जवळ आलेला असणं. हे सगळं गोळा करा, आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटवर शंका घेतली जाते.

उलट बाजूचंही बघा. 'काहीही करा, आजच काढा' असा तुमचा मेसेज क्लिनिकच्या फोनवर असेल तर तो समोर येणारच. वकिलाला आधीच दाखवलेला बरा.

प्रश्न : बधिरपणाचा पुरावा कसा ठेवायचा? एक्स-रेमध्ये तर काही दिसत नाही.

तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडून नकाशा काढून घ्या. डोळे मिटून बसायचं, कापसाच्या धाग्याने हलका स्पर्श, मग बोथट आणि टोकदार स्पर्श, मग दोन टोकं किती अंतरावर वेगळी कळतात ते. जिथे संवेदना बदलते तिथे त्वचेवर पेनने रेघ, आणि पट्टी शेजारी धरून फोटो, तारखेसह. दर काही आठवड्यांनी हेच. बरी होणारी नस बहुधा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा दाखवते. दोन नकाशांत काहीच फरक नसणं ही महत्त्वाची नोंद असते. नुसता बधिरपणा आहे की स्पर्शाने कळ येते, हेही वेगळं लिहा. उपचार आणि भरपाई दोन्ही त्यावर बदलतात. जिभेची नस असेल तर चवीची चाचणी मागा.

इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी हाडात रोवलेला स्क्रू) बसवल्यावर भूल उतरूनही ओठ बधिर राहिला तर मात्र नकाशाची वाट पाहू नका. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी स्कॅन करून, इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर लगेच काढायचा विचार करावा लागतो. उशीर झाला तर तो कोणामुळे झाला, हा नवाच वाद उभा राहतो.

प्रश्न : मला इम्प्लांट सैल होऊ शकतं हे सांगितलं होतं. ओठ बधिर होऊ शकतो हे सांगितलं नव्हतं. ते कळलं असतं तर मी तयारच झालो नसतो. ओठ ठीक आहे, पण इम्प्लांट निकामी झालं. दावा बसतो का?

संमतीच्या मुद्द्यावर बसणं अवघड. लपवलेला धोका आला नाही आणि जो आला तो तुम्ही ऐकून स्वीकारला होता. 'वॉलेस विरुद्ध कॅम' (ऑस्ट्रेलिया, २०१३) हा याच धाटणीचा खटला. मणक्याच्या शस्त्रक्रियेतले दोन धोके सांगितले नव्हते. रुग्णाने पत्करला असता असा तात्पुरता धोका खरा ठरला. वीसात एक एवढा कायमच्या लकव्याचा धोका, जो कळता तर त्याने नकार दिला असता, तो आला नाही. भरपाई नाकारली गेली. इम्प्लांट चुकीच्या पद्धतीने बसवल्यामुळे गेलं असेल तर ती निष्काळजीपणाची वेगळी तक्रार आहे, तिला संमतीची जोड लागत नाही.

प्रश्न : दाढ कधीतरी काढावीच लागणार होती, हे मला मान्य आहे. पण धोका कळला असता तर मी साध्या क्लिनिकऐवजी तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडे गेले असते. हे चालेल का?

कधी चालतं, कधी नाही, आणि फरक बारीक आहे. इंग्लंडच्या 'चेस्टर विरुद्ध अफशार' (२००४) मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेतला एक-दोन टक्क्यांचा धोका सांगितला नव्हता. कळला असता तर रुग्ण त्या दिवशी तयार झाली नसती, एवढंच सिद्ध झालं. कधीच केली नसती असं नाही. धोका केव्हाही तेवढाच राहिला असता. तरी तीन विरुद्ध दोन मतांनी दावा मान्य झाला, कारण नाहीतर सांगण्याच्या कर्तव्याला अर्थच उरत नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. त्यानंतर इंग्लंडच्या न्यायालयांनी हा दरवाजा फार उघडू दिलेला नाही. त्या दिवशी ती शस्त्रक्रिया झालीच नसती, हे निदान सिद्ध करावंच लागतं. ऑस्ट्रेलियाच्या १९९८ च्या 'चॅपल विरुद्ध हार्ट' मध्ये रुग्णाने अधिक अनुभवी शल्यचिकित्सक शोधला असता, हा मुद्दा दाव्याच्या बाजूने गेला. तुमचा प्रश्न त्याच्या जवळ आहे.

दाढेच्या बाबतीत तज्ज्ञाला एक प्रश्न जरूर विचारा: हा धोका त्या क्षणाचा होता की त्या दाढेचा? ड्रिल किंचित खोल जाणं, हत्यार सटकणं हे त्या क्षणाचे धोके. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हातात ते घडण्याची शक्यता कमीच, मग 'इजा टळली असती' म्हणता येतं. पण नस मुळाच्या खोबणीतून किंवा दोन मुळांच्या मधून गेलेली असेल तर पूर्ण दाढ उपटताना ती कोणाच्याही हातून दुखावण्याची शक्यता मोठी. तिथे 'मोठ्या डॉक्टरकडे गेले असते' याने काही साधत नाही. 'त्यांनी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढून मुळं ठेवून दिली असती' असं म्हणावं लागतं. पत्रावरून तुमची दाढ कोणत्या प्रकारची ते कळत नाही. सीबीसीटी असेल तर ते सांगेल.

प्रश्न : मी डेंटिस्ट आहे. प्रत्येक रुग्णाची छापील संमतीपत्रावर सही घेतो, त्यात सगळे धोके आहेत. आणखी काय करायला हवं?

छापील यादीचा उपयोग तुम्हाला वाटतो त्याहून फार कमी. रूट कॅनॉलपासून ब्रेसेसपर्यंत सगळ्यांना एकच कागद असेल, तर या रुग्णाच्या या दाताबद्दल बोलणं झालं याचा तो पुरावा होत नाही. त्यात सही भूल दिल्यानंतरच्या वेळेची असेल तर कागद नसलेला बरा!

केसपेपरवर हाताने चार ओळी लिहा. उदाहरणार्थ (४८ म्हणजे उजवीकडची खालची अक्कलदाढ): '४८ नंबर. हिरडी तीनदा सुजली. ओपीजीत मूळ कालव्यावर काळपट. ओठ-हनुवटी कायमची बधिर होऊ शकते हे फिल्म दाखवून सांगितलं. पर्याय: न काढणं, कोरोनेक्टॉमी, सीबीसीटी करून शल्यचिकित्सकाकडे. रुग्णाने विचारलं: गाण्यावर परिणाम होईल का? उत्तर: होऊ शकतो. दोन दिवस विचार करून कळवणार.' मग पुढच्या भेटीत: 'पुन्हा सूज येण्यापेक्षा काढून टाकणं पसंत, असं रुग्णाचं म्हणणं.' ही शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, पण 'कळलं असतं तरी काढलीच असती' याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच. रुग्ण उपचार का मागतोय, त्याला घाई कशाची, काय टाळायचंय, हे त्याच्याच शब्दांत उतरवा.

रुग्णाने विचारलेला प्रश्न लिहिणं तर अजिबात चुकवू नका. 'रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर' (ऑस्ट्रेलिया, १९९२) मध्ये एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे दुसरा, चांगला डोळा जाण्याचा धोका सुमारे चौदा हजारांत एक होता. तरी तो सांगायला हवा होता असं ठरलं, कारण ती रुग्ण आपल्या चांगल्या डोळ्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होती. टक्केवारी छोटी म्हणून सांगितलं नाही, हा बचाव तिथे पडला. २०१५ च्या 'मॉन्टगोमेरी' निकालानंतर इंग्लंडमध्येही या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, हेच बघितलं जातं.

औषधांची चौकशी प्रत्येक वेळी नव्याने करा. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट अथवा डेनोसुमॅब चालू असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून मरू शकतं. विचारलंच नाही तर सांगणार कुठून?

प्रश्न : डावीकडचा दात काढायचं ठरलं होतं, उजवीकडचा काढला. यातही 'सांगितलं असतं तर' सिद्ध करायचं?

नाही. ज्याला हो म्हटलंच नाही ते केलं गेलं. ती माहितीतली त्रुटी नाही, संमतीच नव्हती. शरीराला परवानगीशिवाय हात लावण्याच्या या दाव्यात तुम्ही पुढे काय ठरवलं असतं हा प्रश्न उरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'समीरा कोहली' प्रकरणात (२००८) हेच अधोरेखित केलं. दुर्बिणीने तपासणीची संमती असताना, रुग्ण बेशुद्ध असताना आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. रुग्णाच्या भल्याचंच होतं, हा बचाव चालला नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात एका दंतवैद्यावरचा निकाल याच मार्गाने गेला. निरोगी दातांवर अनावश्यक कामं करून ती गरजेची नाहीत हे त्याने मुद्दाम लपवलं होतं, म्हणून संमती संमतीच नाही असं ठरलं. साध्या अपुऱ्या माहितीला मात्र ही वाट सहसा मिळत नाही.

प्रश्न : पुढचे सहा दात पांढरे हवेत म्हणून गेले. सहाही घासून कॅप बसवल्या. आता एकाची नस मेली, रूट कॅनॉल करावं लागलं. ब्लीचिंगचा पर्याय सांगितलाच नव्हता. भरपाई कशी मोजतात?

कार्यकारण संबंधाच्या दृष्टीने तुमचं प्रकरण अक्कलदाढेपेक्षा सोपं आहे. रंगासाठी आलेल्या माणसाला घासायची गरज नसलेला उपाय कळला असता तर त्याने तो आधी करून पाहिला असता, हे कोणालाही पटतं. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा साधारण दोन-तृतीयांश ऐवज घासला जाऊ शकतो, एनॅमल परत येत नाही, आणि घासलेल्या दातांपैकी काहींची नस नंतर मरते हे जाणकारांना ठाऊक असतं. ब्लीचिंग तुमच्या दातांना वाजवी पर्याय होतं का, हे मात्र दंतवैद्यकाच्या कसोटीवर ठरतं. २०२३ च्या 'मॅककलॉक' निकालाने ब्रिटनमध्ये तसं स्पष्ट केलं. जुन्या भरणीने काळे पडलेले किंवा औषधाने आतून डागाळलेले दात असतील तर ब्लीचिंगने फारसं साधत नाही आणि समोरचा तज्ज्ञ तेच म्हणेल. म्हणून कॅप बसवण्याआधीचे फोटो फार मोलाचे. क्लिनिककडून लेखी मागा.

मोजताना दोन आयुष्यं शेजारी मांडतात. एकात आजचे सहा दात: रूट कॅनॉल, कॅप दर काही वर्षांनी बदलणं, प्रत्येक बदलात आणखी थोडा दात जाणं, पुढे एखादा काढून इम्प्लांट. दुसऱ्यात तुम्ही निवडलं असतं ते: ब्लीचिंग, अधूनमधून पुन्हा, कदाचित एक-दोन दातांवर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) आणि त्याची दर काही वर्षांची डागडुजी. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची भरपाई. दुसऱ्या रकान्यात शून्य लिहिणारा तज्ज्ञ उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. ब्लीचिंगही फुकट होत नाही आणि कायमचं टिकत नाही, हे त्याने आधीच मान्य केलेलं असावं. बाकीच्या पाच दातांचाही हिशेब आत्ताच मागा, नस अजून जिवंत असली तरी. दाताची थंड-गरम संवेदना आणि विद्युत चाचणीचे आकडे आज नोंदवून घेतले की पुढे एखादा गेला तर तो कधीपासून बिघडत होता, यावर वाद घालायला जागा उरत नाही.